आपल्याच जॉबवर ट्रायल

प्रोसेसर निवडायला मी पप्पांना का सांगितलं, हा प्रश्न तीन आठवडे मी स्वतःलाच विचारत होते. चूक माझीच. दोन प्रोसेसरमध्ये माझं अडलं होतं आणि जेवताना मी सहज बोलून गेले, "पप्पा, तुम्ही एकदा बघाल का?" त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली, ती पाहूनच मी शब्द मागे घ्यायला हवे होते. पण तोवर त्यांनी आईला वही-पेन आणायला सांगितलं होतं.

माझे पप्पा, हिंदुराव, चाकणला गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत खरेदी खात्यात आहेत. बारा वर्षं खरेदीत आणि त्याआधी वीस वर्षं प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशीनवर. मार्चमध्ये रिटायर होतील. प्रेसच्या दणदणाटात एवढी वर्षं काढल्यामुळे स्वतःच्या आवाजाचा त्यांचा अंदाज पार गेला आहे. ते कानात सांगतात ते आमच्या रावेतच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर कळतं. आईच्या वाढदिवसाला आणलेली साडी कुठल्या रंगाची आहे, हे तिला दरवर्षी दोन दिवस आधीच माहीत असतं. बिचारी तरीही "अय्या!" म्हणते.

माझं काम साधं होतं. मी गेम खेळते आणि खेळता खेळता तो लोकांना लाइव्ह दाखवते, मराठीतून बोलत. शंभर जण एका बेटावर उतरतात आणि शेवटी एकच उरतो, तसला गेम. बघणारे चाळीस-पन्नास जण असतात. त्यातले बरेच शिफ्ट संपवून कंपनीच्या बसमध्ये बसलेले असतात, म्हणून कुणी काही लिहिलं की मी ते मोठ्याने वाचून दाखवते. ती माझी सवयच झाली आहे. बाणेरच्या एका कंपनीला रोज संध्याकाळी असं मराठीतून खेळून दाखवणारं कुणीतरी हवं होतं. वर्षभराचा करार आणि काम घरूनच. दीडशे जणांतून आम्ही दोघं उरलो होतो, आणि पहिल्याच चाचणीत माझ्या जुन्या लॅपटॉपने अकरा वेळा दम टाकला.

त्या कंपनीतल्या निरंजन सरांनी फोन केला. म्हणाले, "दिपाली, बोलणं तुझंच चांगलं आहे. पण चित्र अडकलं की माणसं निघून जातात. तीन आठवड्यांनी, रविवारी चार वाजता पुन्हा घेऊ. तेव्हाही अडकलं तर मात्र आम्ही दुसऱ्याला घेणार."

म्हणजे माझ्या हातात तीन आठवडे होते. नवा कॉम्प्युटर घ्यायचा, हे ठरलं. पैसे मी साठवले होते. ग्राफिक्स कार्ड, मेमरी, डबा, सगळं ठरलं आणि गाडी प्रोसेसरवर येऊन थांबली. एक होता आठ कोअरचा, गेमला वेगवान. दुसरा होता वीस कोअरचा, एका वेळी अनेक कामं ओढणारा. मला दोन कामं एकदम करायची होती, खेळायचं आणि दाखवायचं. इंटरनेटवर अर्धे लोक पहिला घ्या म्हणत होते, अर्धे दुसरा, आणि सगळे एकमेकांना शिव्या देत होते. म्हणून मी पप्पांना विचारलं. हातातल्या तीन आठवड्यांची अशी मी स्वतःच माती केली.

पहिला आठवडा तीन कोटेशन मागवण्यात गेला. "एका पुरवठादाराकडून घ्यायचं न्हाई, निदान तिघांचे भाव पायजेत," पप्पा म्हणाले. मी सांगितलं की मला थेरगावच्या जहीरभाईकडूनच घ्यायचं आहे. डांगे चौकाजवळ त्याचं दुकान आहे. जहीरभाईचे वडील आणि पप्पा चौदा वर्षं एकाच प्रेसवर होते, आणि जहीरभाईच्या दुकानातलं पहिलं गिऱ्हाईक पप्पाच. तरीही तीन कोटेशन आलीच. त्यांचा तक्ता झाला. तक्त्यात वॉरंटीचा रकाना होता, पुरवठादाराच्या अनुभवाचा होता, आणि "पाच वर्षांनी सुटे भाग मिळतील का?" असाही एक होता.

"पप्पा, प्रोसेसरला सुटे भाग नसतात."

"मग लिही, सुटे भाग न्हाईत. रकाना मोकळा सोडायचा न्हाई."

शेवटी मागे फिरून जहीरभाईच ठरला, आणि मी कपाळावर हात मारून घेतला. ऑर्डर झाली, मी पैसे भरले; दोनपैकी कुठला प्रोसेसर बसवायचा, तेवढं बाकी राहिलं. निघताना पप्पांनी जहीरभाईला बजावलं, "माझ्या सहीशिवाय माल हलवायचा न्हाई." जहीरभाईने मान डोलावली. तो पप्पांना काका म्हणतो आणि त्यांचा शब्द मोडत नाही. माझे पैसे, माझा कॉम्प्युटर आणि सही मात्र पप्पांची!

दुसरा आठवडा कोअर म्हणजे काय यात गेला. पप्पांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं की कोअर म्हणजे ऑपरेटर.

"आठ माणसं बरी की वीस माणसं बरी? सरळ हिशोब हाय," ते जहीरभाईला म्हणाले.

जहीरभाई शांत माणूस आहे. म्हणाला, "काका, प्रेसवर एकच जण बसायचा ना? बाजूला एकोणीस जण उभे केले, तर प्रेस जोरात चालेल का? गेमचं तसंच आहे. एक-दोन माणसंच खरं काम ओढतात. ती चपळ पाहिजेत."

हे पप्पांना पटलं. इतकं पटलं की दोन दिवस ते गप्प होते आणि मी सुटले असं मला वाटलं. तिसऱ्या दिवशी कंपनीची बस रावेतला थांबली तशी त्यांनी मला खाली बोलावून स्कूटर काढली आणि मला मागे बसवून परत थेरगाव गाठलं.

"जहीर, तुझं बरोबर हाय. पण हे लोकांना दाखवायचं जे हाय, ती दुसरी प्रेस झाली. तिच्यावर कोण बसणार?"

खरं सांगायचं तर प्रश्न बरोबर होता. इंटरनेटवरचे लोक ज्यावरून भांडत होते तो नेमका हाच. मला त्याचाच जास्त राग आला. माणूस इतका नेमका विचार करू शकतो, मग भराभर का करत नाही?

"त्या प्रेसवर ग्राफिक्स कार्ड बसतं, काका," जहीरभाई म्हणाला. "चित्र बांधून बाहेर पाठवायची सोय त्या कार्डातच असते. प्रोसेसरवर त्याचा भार फार थोडा येतो. दिपालीला आठ कोअर पुरतात."

"लेखी दे."

जहीरभाईने लिहून दिलं. मला वाटलं, आता तरी सही होईल. पप्पांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "आता ट्रायल."

ही ट्रायल म्हणजे काय ते सांगते, नाहीतर कुणाला वाटेल मी वाढवून बोलते आहे. कारखान्यात मोठी मशीन घेताना खरेदीवाले पुरवठादाराकडे जातात ते आपला माल सोबत घेऊन. त्याची मशीन आणि आपला जॉब, म्हणजे आपल्याला घडवायचा तुकडा. त्याने दाखवलेल्या गुळगुळीत नमुन्यावर विश्वास ठेवायचा नाही. आपलं काम आपल्या डोळ्यांसमोर निघालं की मगच सही. त्याचा एक छापील फॉर्म असतो. जॉबचं नाव, वेळ, निकष, निकाल आणि सगळ्यात खाली "विलंब झाल्यास कारण". त्या फॉर्मवर पप्पांनी आयुष्यात खोटं लिहिलेलं नाही. मालकांच्या मेहुण्याने आणलेल्या मशीनवर ते नापास असं लिहून आले होते आणि त्यापायी त्यांची बढती दोन वर्षं लांबली. आणि विलंबाच्या रकान्यात बारा वर्षांत त्यांनी एकच शब्द लिहिला आहे, पुरवठादार. खरेदी खात्यामुळे कधी उशीर झालाच नाही, असं ते पाहुण्यांनासुद्धा सांगतात.

ट्रायल सोमवारी ठरली होती, ती बुधवारवर गेली. बुधवारी पप्पांना ओव्हरटाइम निघाला. गुरुवारी त्यांचा फॉर्म घरी राहिला आणि फॉर्मशिवाय ट्रायल म्हणजे नुसत्या गप्पा, असं त्यांचं म्हणणं. शुक्रवारी रात्री मी आईजवळ अक्षरशः रडले. आई म्हणाली, "अगं, त्यांचा स्वभावच चिकित्सक. मला बघायला पाच वेळा आले होते." त्याने माझं काही समाधान झालं नाही.

शेवटी ट्रायल झाली ती शनिवारी दुपारी दोन वाजता. चाचणीला उणापुरा एक दिवस उरला होता.

जहीरभाईने टेबलावर सगळं जोडून ठेवलं होतं. दुपारची वेळ, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तो म्हणाला, "काका, लाइव्ह कशाला? इथल्या इथे रेकॉर्ड करून बघू. तेवढाच भार येतो."

"कोरडी ट्रायल चालायची न्हाई. जॉब खरा पायजे. खरी माणसं बघत असली पायजेत," पप्पा म्हणाले. निकष त्यांनी फॉर्मवर लिहिला होता. तीस मिनिटं सलग आणि एकही फ्रेम गळायची नाही. गळली की चित्र अडकतं, हे त्यांनी जहीरभाईकडून समजून घेतलं होतं. मधे थांबले तर ट्रायल पहिल्यापासून.

मी हेडफोन चढवले, माइक पुढे ओढला आणि लाइव्ह गेले. शनिवारची दुपार असूनही त्रेचाळीस जण आले. पप्पा आणि जहीरभाई माझ्या मागे काउंटरपाशी उभे होते.

मशीन काय पळत होती! पहिल्या पाच मिनिटांतच मला कळलं की मला हेच हवं होतं. बेटावर उतरले, बंदूक मिळाली, एक पाहुणा पत्र्याच्या शेडमागून आला त्याला मी मार्गी लावला. इतके दिवस मी अर्धं लक्ष लॅपटॉपकडे ठेवून खेळायचे, आता अडकेल, मग अडकेल. त्या दिवशी मी नुसती खेळत होते आणि बोलत होते. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. कोपऱ्यातल्या आकड्याकडे पाहिलं, गळलेल्या फ्रेम शून्य. एकोणीस मिनिटं झाली होती.

तेवढ्यात लोक लिहायला लागले आणि मी सवयीने वाचत गेले.

"'ताई, मागे कोण बोलतंय?' दुकानात आहे मी, माझे पप्पा आहेत. 'ताई, पप्पा म्हणतायत, उद्याचा रविवार जाऊ दे.' काय? 'म्हणतायत, वेळ काढ.' 'सोमवारी कसला इंटरव्ह्यू आहे ताई?' 'म्हणतायत, एकदा कंपनीत चिकटली की मग दे तिला हा डबा.'"

शेवटचं वाक्य वाचून झाल्यावर मला त्याचा अर्थ लागला. मागे पप्पा जहीरभाईच्या कानात सांगत होते. हेडफोनमुळे मला ते ऐकू आलं नाही. माइकला आलं, आणि त्रेचाळीस जणांना आलं.

मी हेडफोनचा एक कान बाजूला केला. हात खेळत राहिले. थांबले असते तर ट्रायल पहिल्यापासून झाली असती आणि त्यात संध्याकाळ गेली असती. एवढं भान मला त्या क्षणीही होतं, याचं नंतर नवल वाटलं.

"पप्पा, सोमवारी माझा इंटरव्ह्यू लावलाय तुम्ही?"

पप्पा म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?"

"त्रेचाळीस जणांनी."

"मी तर हळू बोलत होतो." त्यांना खरंच कळत नव्हतं. "जहीर, मी हळूच बोललो न्हवं?"

जहीरभाईने माइककडे बोट दाखवलं. पडद्यावर कुणीतरी लिहिलं, "काका, बसमध्ये मागच्या सीटला पण आलं." ते मात्र मी वाचलं नाही.

"म्हणजे तीन कोटेशन, तो तक्ता, घरी राहिलेला फॉर्म, हे सगळं रविवार निघून जावा म्हणून?" माझा आवाज चढला होता. समोर गवतात एक जण दबा धरून बसला होता, त्याला मी उभ्या उभ्या उडवला. "मला वाटत होतं तुम्ही माझ्यासाठी एवढं बघताय. मी वैतागत होते, पण मनातून मला बरं वाटत होतं, पप्पा. आठ महिन्यांत पहिल्यांदा तुम्ही माझ्या कामाबद्दल काहीतरी विचारलंत."

आठ महिन्यांपूर्वीपर्यंत मी चाकणच्याच एका कारखान्यात स्टोअरला होते. अकरा महिन्यांचा करार होता, तो संपला तसं मला घरी पाठवलं. ते गेट, ते तात्पुरतं कार्ड, परत नको असं मी तेव्हाच ठरवलं होतं आणि पप्पांना सांगितलंही होतं.

"पहिला आठवडा खरा व्हता," पप्पा म्हणाले. आता ते नेहमीच्या आवाजात, म्हणजे ओरडून बोलत होते. "तक्ता खरा व्हता. मग प्लॅनिंगच्या साहेबांनी ईचारलं, हिंदुराव, पोरगी काय करते? पर्मनंटची जागा हाय म्हणले. मार्चनंतर मी गेटच्या बाहेर. मग तुला आत कोण घेणार? माझ्या शब्दाला जी काय किंमत हाय ती मार्चपतोर हाय. एकदा मी गेलो की वॉचमनबी वळखायचा न्हाई."

"मला आत जायचंच नाहीये, पप्पा. मला विचारलंत का?"

त्यांनी विचारलं नव्हतं. मी हेडफोन पुन्हा नीट चढवला, कारण आणखी ऐकलं असतं तर माझ्याने खेळवलं नसतं. मला पप्पांचा भयंकर राग आला होता, आणि त्याच वेळी त्या वॉचमनच्या वाक्याने त्यांच्यासाठी वाईटही वाटत होतं. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. मी खेळत राहिले आणि बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही. चौथी आले.

जहीरभाईने खांद्याला हात लावला तेव्हा तीस मिनिटं होऊन गेली होती. मी लोकांचा निरोप घेतला, लाइव्ह बंद केलं आणि तशीच बसून राहिले.

"शून्य, काका," जहीरभाई पडद्याकडे बघत म्हणाला. "एकही गळली नाही."

पप्पा पुढे आले. चष्मा लावला, पडद्याजवळ तोंड नेऊन तो आकडा स्वतः वाचला. वेळ वाचली. मग जहीरभाईला म्हणाले, "प्रोसेसर किती तापला ते दाव." त्याने दाखवलं. पप्पांनी तेही उतरवून घेतलं. त्या अवस्थेतही त्यांनी ते उतरवून घेतलं, यावर मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

मला माहीत होतं की एका शब्दात सगळं संपू शकतं. फॉर्मवर नापास लिहिलं की जहीरभाई मशीन देणार नाही. काकांचा शब्द तो मोडत नाही. आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता माझ्यापुढे तोच जुना लॅपटॉप असेल.

पप्पा फोन घेऊन दुकानाच्या बाहेर गेले, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले, तोंडावर हात धरला आणि अगदी खासगीत बोलायला लागले. आम्हाला आत शब्द न शब्द ऐकू येत होता.

"साहेब, हिंदुराव बोलतोय. सोमवारी पोरगी येणार न्हाई... न्हाई न्हाई, तब्येत बरी हाय. तिला दुसरं काम हाय... व्हय. मीच आदी ईचारायला पायजे व्हतं तिला."

आत आले ते थेट काउंटरवर वाकून फॉर्म भरायला लागले. बराच वेळ लागला. जहीरभाईने तिघांना चहा सांगितला, तो आला, तरी ते लिहीतच होते. मग त्यांनी सही केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. खाली वापरणाऱ्याच्या सहीची जागा असते.

निकालासमोर लिहिलं होतं, पास. आठ कोअर पुरेसे. त्याखाली विलंबाचा रकाना होता. तिथे सवयीने "पुर" एवढं लिहून झालं होतं. ते एका सरळ रेघेने खोडून पुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं:

"विलंब तीन आठवडे. कारण: खरेदीदार."

माझा राग गेला नव्हता. मी सही केली.